भिंत आपली, चेहरा कुणाचा?

दिवाळीला घर रंगवायचं म्हणजे काय व्याप असतो, ते तुम्हाला सांगायला नकोच. सामान ओढायचं, रंगाऱ्याच्या मागे लागायचं, आणि शेवटी पैशांचा अंदाज घेऊन "आतलं राहू दे, दर्शनी भिंत तेवढी करून घेऊ" असं ठरवायचं. मुदखेडला माझी एक मैत्रीण आहे, तिनंही असंच केलं. फिकट पिवळा रंग दिला, खाली गेरूचा पट्टा ओढला. भाऊबीज झाली, पाहुणे गेले, आणि एका सकाळी सडा घालायला ती दार उघडून बाहेर आली, तर भिंतीवर ओळीनं अकरा चेहरे! म्हणजे चेहरा एकच, पण अकरा वेळा. हात जोडलेले, हसतमुख.

"अगं, लावणारी पोरं आपल्याच गल्लीतली. मला काकू म्हणणारी. बोलावं तरी कुणाला?" ती मला सांगत होती. आतून आत्याबाई म्हणाल्या, "जाऊ दे माय, चार दिवसांची गंमत आहे. आपल्याला याच गावात राहायचंय." यजमान म्हणाले, "उद्या नळाचं काम निघालं तर त्याच्याचकडे जावं लागेल." झालं, ती गप्प बसली. दुसऱ्या बाजूच्या पोरांनी पाहिलं, या भिंतीला कुणी हरकत घेत नाही, तेव्हा उरलेल्या जागेत त्यांनी आपले कागद लावले. निवडणूक झाली, निकाल लागला, गुलाल उधळला गेला. भिंतीवरचे कागद मात्र होळीपर्यंत फाटत, लोंबत, उन्हानं करपत राहिले. शेवटी तिनंच ते खरवडले, तर कागदाबरोबर रंगाचे पोपडेही निघाले.

कुठली निवडणूक नि कुठला पक्ष ते मी सांगत नाही, कारण त्यानं काही फरक पडत नाही. तुमच्याही गावात हे कुठल्या ना कुठल्या रंगाच्या कागदानं झालेलं असेल. पुढच्या निवडणुकीला माझ्या मैत्रिणीनं काय केलं, ते शेवटी सांगते. त्याआधी काही गोष्टी आपण नीट समजून घेऊ. भांड्यांचा हिशेब आपण चोख ठेवतो, मग भिंतीचा का ठेवू नये?

वीस महिन्यांत चार मतं

मुदखेड म्हणजे काही मोठं शहर नव्हे. नांदेडहून गाडी निघाली की थोड्याच वेळात हे जंक्शन येतं. इथून एक फाटा किनवट-आदिलाबादकडे जातो आणि दुसरा निजामाबादच्या बाजूला. आसपासच्या फुलांच्या मळ्यांमुळे गावाचं नाव. गाव नगरपरिषदेचं, माणसं एकमेकांना ओळखणारी.

अशा गावाच्या भिंतींनी अलीकडे किती निवडणुका पाहिल्या ते मोजा. २६ एप्रिल २०२४ ला लोकसभेचं मतदान झालं. निवडून आलेले खासदार वसंतराव चव्हाण यांचं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निधन झालं, म्हणून २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूकही झाली. मुदखेड भोकर विधानसभा मतदारसंघात येतं, तेव्हा इथल्या बायकांनी त्या दिवशी दोन मतं दिली. मग २०२५ च्या डिसेंबरात नगरपरिषदांच्या निवडणुका आल्या. वीस महिन्यांत चार मतं! त्यातही विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबर २०२४ ला लागली, आणि नगरपरिषदांची ४ नोव्हेंबर २०२५ ला. म्हणजे दोन्ही वेळा प्रचाराचा धुरळा नेमका दिवाळीच्या आगेमागे उडाला. रंग ताजा नि खळ ओली, असा हा योग.

नगरपरिषदेची निवडणूक तर भिंतीला सर्वांत जवळची. लोकसभेचा उमेदवार एकदा हात हलवून जातो. वॉर्डातला उमेदवार आपल्या लग्नाकार्यात पंगतीला बसलेला असतो. त्याला "इथं लावू नको" म्हणणं जिवावर येतं, ते त्याचमुळे.

चोवीस, अठ्ठेचाळीस, बहात्तर

हे तीन आकडे दुधाच्या हिशेबासारखे पाठ करून ठेवा. निवडणूक जाहीर झाल्यापासून सरकारी इमारतींवरच्या राजकीय जाहिराती चोवीस तासांत उतरल्या पाहिजेत. रेल्वे स्टेशन, बसस्थानक, पूल, विजेचे खांब अशा सार्वजनिक जागांवरच्या अठ्ठेचाळीस तासांत. आणि खाजगी मालमत्तेवर नियमाबाहेर लावलेल्या बहात्तर तासांत. केंद्रीय निवडणूक आयोगाच्या या सूचना आहेत. त्या पाळून घेण्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडून खाली येत येत गावात नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांवर येतं. निवडणूक जाहीर झाली की शिड्या, कोयते नि गाडी घेऊन माणसं फिरताना दिसतात, कोनशिलांवर कागद चिकटवले जातात, ते याचसाठी.

आता आपल्या भिंतीचं बघा. आचारसंहिता स्पष्ट सांगते, की कुणाच्याही जागेवर, घरावर, कुंपणाच्या भिंतीवर मालकाच्या परवानगीवाचून झेंडा, फलक, कागद, घोषणा काहीही लावता येत नाही. परवानगीही तोंडी "हो हो" नव्हे. ती लेखी हवी, स्वखुशीची हवी, आणि तिची प्रत उमेदवारानं तीन दिवसांत निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायला हवी. शिवाय आयोगानं असंही सांगितलं आहे, की स्थानिक कायदा जिथं भिंती रंगवायला किंवा कागद चिकटवायला मुभा देत नाही, तिथं मालकाची संमती दाखवूनही ते करता येत नाही. उमेदवारानं वेळेत काढलं नाही, तर शासकीय यंत्रणा ते काढते आणि तो खर्च त्याच्याकडून वसूल करून त्याच्या निवडणूक खर्चातही धरता येतो. खर्चाला मर्यादा असते, म्हणून या गोष्टीचा उमेदवाराला धाक असतो. पोरं ऐकत नसली तरी खर्चाची वही लिहिणारा माणूस ऐकतो!

आणखी एक बारीक गोष्ट. लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक पत्रकावर नि भिंतीपत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रसिद्ध करणाऱ्याचं नाव-पत्ता असलाच पाहिजे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तसं कलम आहे, आणि ते मोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा चेहरा पाहून झाला की कागदाच्या तळाची बारीक अक्षरंही वाचा. औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचतो ना आपण, तसं.

आचारसंहिता उठते, कायदा उठत नाही

खरी गोम पुढेच आहे. मतदान होईपर्यंत सगळे जागे असतात. निकाल लागला, आचारसंहिता उठली, की आपण समजतो आता दाद मागायला जागाच उरली नाही. मग प्रचाराचे कागद तसेच राहतात आणि त्यांच्यावर अभिनंदनाचे फलक चढतात. त्यांच्यावर वाढदिवसाचे, आणि त्यांच्यावर सणाच्या शुभेच्छांचे.

आचारसंहिता म्हणजे पक्षांनी मान्य केलेले वागणुकीचे नियम. १९६० साली केरळच्या निवडणुकीत त्यांची सुरुवात झाली. कागदावर ते बरीच वर्षं होते, पण टी. एन. शेषन १९९० ते १९९६ या काळात मुख्य निवडणूक आयुक्त होते, तेव्हा त्यांनी त्यांची अंमलबजावणी कडकपणे करून घेतली. त्याआधीच्या निवडणुका ज्यांना आठवतात, त्यांना चुन्यानं आणि निळीनं रंगलेल्या भिंतीच्या भिंतीही आठवत असतील.

पण आपल्या राज्यात याहून पक्की गोष्ट आहे, ती म्हणजे मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा १९९५ चा कायदा. लोकांच्या नजरेस पडणारी जागा परवानगीवाचून कागद चिकटवून, लिहून, रंगवून विद्रूप केली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कायद्याला निवडणुकीचं पंचांग नाही. तो जूनमध्येही चालतो, श्रावणातही चालतो. सुस्वराज्य फाउंडेशन या साताऱ्याच्या संस्थेच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१७ च्या जानेवारीत जो निकाल दिला, त्यातही बेकायदा फलक उतरवण्याचे नि गुन्हे नोंदवण्याचे आदेश आहेत. थोडक्यात काय, निकालानंतर महिन्यानं अर्ज दिला तरी तो उशिराचा ठरत नाही.

आणि हा नुसता टापटिपीचा प्रश्न नाही हं. २०१९ च्या सप्टेंबरात चेन्नईत एक तेवीस वर्षांची तरुणी स्कूटरवरून घरी निघाली होती. रस्त्याच्या मध्ये लावलेला, एका पक्षकार्यकर्त्याच्या घरच्या लग्नाचा फलक तिच्या अंगावर पडला, तोल गेला, आणि मागून टँकर येत होता. ती गेली. त्या फलकाची परवानगी घेतलेली नव्हती. चौकात दोरीनं बांधलेला फलक वाऱ्यात फडफडताना दिसला, की शाळेतून येणाऱ्या आपल्या लेकरांचा विचार मनात येतो, तो उगीच नाही.

तुम्ही म्हणाल, पण करायचं काय?

भांडायचं नाही. आवाजही चढवायचा नाही. फक्त कागदाला कागदानं उत्तर द्यायचं.

पहिली गोष्ट, काढण्याआधी छायाचित्र घ्या. सगळी भिंत दिसेल असं एक, आणि कागदाच्या तळाची नावं वाचता येतील असं एक. एकदा पुसून टाकलं की पुरावा राहत नाही.

दुसरी गोष्ट, अर्ज. लोकसभा किंवा विधानसभेची निवडणूक असेल तर आयोगाचं 'सी-व्हिजिल' नावाचं मोबाईलवरचं साधन २०१८ पासून आहे. जागेवरूनच फोटो पाठवायचा, नाव न देताही तक्रार करता येते, आणि शंभर मिनिटांत तिचा निकाल लावावा अशी व्यवस्था आहे. ज्यांना गावात नाव नको, त्यांच्यासाठी हे फार सोयीचं. नगरपरिषदेची निवडणूक मात्र राज्य निवडणूक आयोग घेतो, तेव्हा तिथं आपला साधा लेखी अर्ज बरा. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या नावे लिहा, आणि एक प्रत मुख्याधिकाऱ्यांना द्या. निवडणूक उरकली असेल तर फक्त मुख्याधिकाऱ्यांना.

अर्जात पाल्हाळ नको. "माझ्या मालकीच्या घराच्या दर्शनी भिंतीवर अमुक तारखेच्या रात्री माझ्या परवानगीवाचून इतकी भिंतीपत्रके चिकटवण्यात आली आहेत. सोबत छायाचित्रे जोडली आहेत. ती काढून घ्यावीत आणि नियमानुसार कारवाई व्हावी, ही विनंती." बस, एवढं पुरे. कुणाचा पक्ष वाईट, कुणाची वागणूक वाईट, हे त्यात लिहू नका. आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका. शिक्का आणि तारीख असलेला तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवा.

तिसरी गोष्ट, खांबावरचा किंवा चौकातला फलक आपण होऊन ओढू नका. विजेच्या तारा असतात, पडायची भीती असते, आणि एका पक्षाचं दुसऱ्यानं काढलं असा बोभाटा होतो तो वेगळाच. तिथं फक्त तक्रार. काढण्याचं काम ज्यांचं, त्यांनीच करावं.

दुसरी बाजूही बघू

उमेदवारानं दिसायचं तरी कुठं, असा प्रश्न तुमच्या मनात येईल, आणि तो रास्त आहे. ज्याच्यापाशी जीप नाही, ज्याचे फोटो वर्तमानपत्रात येत नाहीत, त्याला कागदाचाच आधार. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या एखाद्या वहिनीला गावानं चेहऱ्यानं ओळखावं, असं आपल्यालाही वाटतंच. (ते भिंतीपत्रक एकदा निरखून मात्र बघा. उमेदवार वहिनी, नि मोठा चेहरा भाऊंचा, असं तर नाही ना?)

जपाननं यावर एक तोड काढली आहे. तिथं निवडणूक आली की गावोगावी ठरावीक जागी सरकारी फळ्या उभ्या राहतात. फळीवर चौकोन आखलेले, प्रत्येकाला क्रमांक. ज्या उमेदवाराचा जो क्रमांक, त्यानं त्याच चौकोनात आपला एक कागद लावायचा. श्रीमंताला एक चौकोन, गरिबालाही एकच. त्यातही माणसं पळवाटा काढतातच. २०२४ च्या टोकियोच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत तब्बल ५६ उमेदवार उभे राहिले, आणि काहींनी त्या चौकोनांत भलतेच कागद लावले म्हणून ओरड झाली. तरीही कुणाच्या घराची भिंत न मळवता सगळ्यांना दिसता येतं, एवढं त्या फळीनं दाखवलं आहे. आपल्या नगरपरिषदेत निम्म्या खुर्च्यांवर बायका बसतात. वॉर्डात अशी एक फळी उभी करता येईल का, असं त्यांच्यापैकी कुणाला विचारून तर बघा.

आता थोडं घरातलं

चिकटलेला कागद कोरडा खरवडू नका, रंग निघतो. फडकं कोमट पाण्यात भिजवून कागदावर दाबून धरा, तो पूर्ण चिंब होऊ द्या, पंधरा-वीस मिनिटं थांबा. मैद्याची खळ असेल तर ती मऊ पडते. मग लाकडी उलथन्यानं वरून खाली हलक्या हातानं सोडवा. चुन्याच्या भिंतीवर पाणी बेतानंच वापरा, आणि भिंत पुरती वाळल्यावरच तेवढ्या भागाला चुन्याचे दोन हात द्या. लोखंडी फाटकावरच्या चिकटपट्टीला खोबरेल लावून तासभर ठेवा, मग पुसा. खळीला कीड-वाळवी लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायची जुनी रीत आहे, आणि मोरचूद विषारी. तेव्हा ओले कागद लेकरांच्या हाती देऊ नका, शेळीपुढे टाकू नका, काम झाल्यावर हात साबणानं धुवा.

फलकाचं कापड, ज्याला आपण फ्लेक्स म्हणतो, ते कापड नसून प्लॅस्टिक असतं. शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ अशा फलकांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. जाड असतात ते पुष्कळ घरांत येतात, कडब्यावर घालायला, गळक्या छपरावर टाकायला. त्याला हरकत नाही. पण त्यावर पापड-कुरडया, मिरच्या वाळत घालू नका, त्यावरची शाई खाण्याजोगी नसते. आणि पाणी तापवायला ते चुलीत किंवा बंबात मुळीच सारू नका. तो धूर घशाला नि फुफ्फुसाला फार वाईट, आणि चुलीपाशी बसणाऱ्या आपणच असतो.

पुढच्या वेळी काय झालं

पुढची निवडणूक जाहीर झाली, तशी माझ्या मैत्रिणीनं भिंतीवर एक छोटीशी पाटी लावली, "लेखी परवानगीशिवाय येथे काही चिकटवू नये." आत्याबाई कुरकुरल्या, यजमान काही बोलले नाहीत. तरी एका रात्री फाटकाशेजारी तीन कागद लागलेच. तिनं फोटो काढला, चार ओळींचा अर्ज लिहिला, यजमानांच्या सहीऐवजी स्वतःची सही केली, कारण घर दोघांच्या नावावर आहे. कार्यालयात जाऊन पोच घेतली. मग त्या मुलांपैकी एकाला बोलावून तो कागद दाखवला नि सांगितलं, "बाबा, मी सगळ्यांच्याच कागदांबद्दल असा अर्ज देणार आहे. तुझ्यावर माझा राग नाही."

संध्याकाळी दोन पोरं बादली नि फडकं घेऊन आली. खर्चाच्या वहीचा धाक म्हणा, काकूंची लाज म्हणा, त्यांनी भिंत पुसून दिली. तिनं त्यांना चहा दिला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या उमेदवाराची बायको तिच्याकडे आली होती. मैत्रीण जरा धास्तावलीच होती. तर त्या बाईनं वाण घेता घेता हळूच विचारलं, "वहिनी, तो अर्ज कसा लिहायचा हो? आमच्या माहेरच्या भिंतीवर पण लावून ठेवलेत मेल्यांनी, विरुद्ध पार्टीचे!"